हिमप्रदेशाच्या अभ्यासासाठी वेचलेले आयुष्य : आल्फ्रेड वेगेनर (१८८०-१९३०)

शालेय भूगोलाच्या पुस्तकांमुळे आल्फ्रेड वेगेनर हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानांवरून गेलेले असते. पृथ्वीवरील सर्व खंड एकेकाळी परस्परांना जोडलेले होते व कालांतराने ते दूर सरकत गेले, हा खंडवहनाचा सिद्धांत मांडणारे जर्मन शास्त्रज्ञ, एवढीच त्यांची ओळख बहुधा आपल्याजवळ असते. वस्तुतः वेगेनर हे भूगर्भशास्त्रज्ञ नव्हते. ते हवामानशास्त्रज्ञ होते, आणि ग्रीनलंड या बर्फाच्छादित बेटाच्या चार मोहिमांत त्यांच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे खर्ची पडली. आज जागतिक तापमानवाढीचा विषय निघाला की ग्रीनलंडच्या वितळणाऱ्या बर्फाचा उल्लेख हमखास होतो. त्या बर्फाची जाडी किती, त्याच्या पोटातील तापमान किती, त्यावरील हिवाळा कसा असतो, या प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष मोजमापाने मिळवण्याचा प्रयत्न ज्या मोजक्या लोकांनी प्रथम केला, त्यांत वेगेनर यांचे स्थान फार वरचे आहे. त्याच कार्यात, हिमप्रदेशात अडकलेल्या आपल्या सहकाऱ्यांना अन्न पोहोचवून परतताना त्यांचा अंत झाला.

बालपण आणि शिक्षण

आल्फ्रेड वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, बर्लिन येथे झाला. त्यांचे वडील रिचर्ड वेगेनर हे प्रोटेस्टंट पंथाचे पाळक होते. ते बर्लिनमधील एका जुन्या व नामांकित शाळेत प्राचीन भाषा शिकवीत आणि एक अनाथाश्रमही चालवीत. पाच भावंडांत आल्फ्रेड सर्वांत धाकटे. त्यांचे थोरले बंधू कुर्ट हेही पुढे हवामानशास्त्रज्ञ झाले व दोघा भावांची जोडी आयुष्यभर टिकली.

१९०५ साली आल्फ्रेड यांनी बर्लिन विद्यापीठातून खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. परंतु दुर्बिणीपाशी बसून राहण्यात त्यांचे मन रमेना. वातावरणाचा अभ्यास हे त्या काळी नवे शास्त्र होते आणि त्यासाठी मोकळ्या आकाशाखाली वावरावे लागे. ते लिंडेनबर्ग येथील वेधशाळेत दाखल झाले. तेथे पतंग व फुगे आकाशात सोडून वरच्या थरांतील हवेचे तापमान, दाब आणि आर्द्रता मोजली जाई. एप्रिल १९०६ मध्ये आल्फ्रेड व कुर्ट या दोघा बंधूंनी फुग्यातून सलग साडेबावन्न तास प्रवास करून त्या काळचा जागतिक विक्रम प्रस्थापित केला. हेतू विक्रमाचा नव्हता, उपकरणांची चाचणी घेण्याचा होता.

ग्रीनलंडचे पहिले दर्शन

त्याच वर्षी डॅनिश सरकारच्या पाठिंब्याने ईशान्य ग्रीनलंडकडे एक मोठी मोहीम निघाली. पंचविशीतले वेगेनर तिच्यात हवामानतज्ज्ञ म्हणून सहभागी झाले. डॅनमार्क्सहाव्न या ठिकाणी त्यांनी हवामानकेंद्र उभारले व ध्रुवीय प्रदेशाच्या हवेत पतंग आणि फुगे सोडून नोंदी घेतल्या. १९०६ ते १९०८ अशी दोन वर्षे ते तेथे राहिले. या मोहिमेचे नेते मुलियस-एरिकसन आणि त्यांचे दोन साथीदार १९०७ साली बर्फात अन्नावाचून व थंडीने मरण पावले. हिमप्रदेशातील एका चुकीची किंमत काय असते, हे वेगेनर यांनी अशा रीतीने तरुणपणीच पाहिले. तरीही त्यांची त्या प्रदेशाविषयीची ओढ कमी झाली नाही.

जर्मनीस परतल्यावर मारबुर्ग विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. अवघड विषय सोपा करून सांगण्याची त्यांची हातोटी विद्यार्थ्यांना भावत असे. १९११ साली वातावरणाच्या उष्मागतिकीवर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१९१२-१३ साली ते पुन्हा ग्रीनलंडला गेले. या वेळी त्यांच्यासमवेत डॅनिश अधिकारी योहान पेटर कॉक, आइसलंडचे विग्फूस सिगुर्डसन आणि लार्स लार्सन नावाचे एक खलाशी एवढेच लोक होते. सामान वाहून नेण्यासाठी आइसलंडची तट्टे घेतली होती. ईशान्य ग्रीनलंडच्या हिमस्तरावरच संपूर्ण हिवाळा काढण्याचे धाडस त्यांनी केले. ते करणारे ते पहिलेच होत. बर्फातील एका भेगेत पडून कॉक यांचा पाय मोडला व ते कित्येक महिने अंथरुणास खिळून राहिले. या काळात राहत्या झोपडीतूनच त्यांनी हाताने चालवायच्या गिरमिटाने सुमारे २५ मीटर खोलपर्यंत बर्फात छिद्र पाडले. कोणत्याही ऋतूचा स्पर्श न होणाऱ्या खोलीवर बर्फाचे तापमान किती असते, हे अशा छिद्रांतून समजू लागले. पुढे शास्त्रज्ञांनी याच मार्गाने तीन-तीन किलोमीटर खोल जाऊन पृथ्वीचा गतकाळ वाचला.

वसंत ऋतूत त्यांनी पूर्वेकडून पश्चिमेकडे हिमस्तर ओलांडण्यास प्रारंभ केला. १८८८ साली फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी ग्रीनलंड ओलांडले होते, त्याच्या सुमारे दुप्पट अंतर या चौघांना काटायचे होते. एकामागून एक तट्टे गेली. पश्चिम किनारा नजरेच्या टप्प्यात आला, तेव्हा जवळचे अन्न संपले होते व शेवटी बरोबरचा कुत्राही मारून खाण्याची पाळी आली. नेमक्या त्याच वेळी उपर्नाविक येथील एक पाळक दूरच्या वस्तीवरील आपल्या मंडळीस भेटण्यासाठी होडीने त्या खाडीतून चालले होते. त्यांच्या दृष्टीस हे चौघे पडले आणि त्यांचे प्राण वाचले. आपल्या लोकांकडे निघालेल्या एका पाळकाची ती फेरी झाली नसती, तर वेगेनर यांचे पुढील कार्य जगास लाभलेच नसते.

खंडवहन आणि प्राचीन हवामान

दुसऱ्या मोहिमेपूर्वीच, ६ जानेवारी १९१२ रोजी, फ्रांकफुर्ट येथील भूगर्भशास्त्रज्ञांच्या सभेत वेगेनर यांनी खंडवहनाची कल्पना प्रथम मांडली होती. १९१३ साली त्यांचा विवाह ख्यातनाम हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर क्योपेन यांची कन्या एल्झ हिच्याशी झाला. त्यांना तीन मुली झाल्या. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना १९१४ साली वेगेनर दोनदा जखमी झाले व त्यानंतर त्यांना लष्कराच्या हवामानखात्यात काम देण्यात आले. अशा परिस्थितीत त्यांनी लिहिलेला खंड व महासागर यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला.

या सिद्धांतामागे दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांचे किनारे परस्परांत चपखल बसतात एवढाच आधार नव्हता. वेगेनर यांच्यातील हवामानतज्ज्ञाला प्राचीन हिमनद्यांच्या खुणा अधिक बोलक्या वाटत होत्या. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांच्या खुणा दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत अशा सर्व ठिकाणी सापडतात. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूरजवळ इरई नदीच्या परिसरातही असे खडक आहेत. सरकत्या हिमनदीने घासून पाडलेले ओरखडे त्यांवर असल्याचे भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. आज जेथे उन्हाळ्यात अंगाची लाही लाही होते, तेथे कधीकाळी बर्फ होते ते कसे? हे भूभाग त्या वेळी एकत्र आणि दक्षिण ध्रुवाजवळ होते, असे मानले की कोडे सुटते. वेगेनर यांनी भारत आणि इतर दक्षिणी खंडांतील अशा खुणांचा आपल्या मांडणीत भरपूर उपयोग केला.

तथापि खंड कोणत्या शक्तीने सरकतात, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी सुचवलेल्या शक्ती फारच दुबळ्या असल्याचे इतरांनी गणिताने दाखवून दिले. ग्रीनलंड दर वर्षी किती सरकते याचा त्यांनी केलेला अंदाजही प्रत्यक्षापेक्षा खूपच मोठा होता. १९२६ साली न्यूयॉर्क येथे झालेल्या परिसंवादात अनेक मान्यवरांनी त्यांचा सिद्धांत फेटाळला. बाहेरच्या माणसाने आपल्या शास्त्रात ढवळाढवळ करू नये, असाही सूर काहींचा होता. वेगेनर यांनी कटुता न बाळगता नवे पुरावे जमवून आपल्या ग्रंथाच्या आवृत्त्या सुधारल्या; चौथी आवृत्ती १९२९ साली निघाली. त्यांच्या मृत्यूनंतर तीन दशकांहून अधिक काळाने, १९६० च्या दशकात, सागरतळाच्या संशोधनामुळे खंडांच्या हालचालीचा स्वीकार जगभर झाला.

१९२४ साली ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. त्याच वर्षी त्यांनी सासरे क्योपेन यांच्यासह प्राचीन काळातील हवामानावर एक महत्त्वाचा ग्रंथ प्रकाशित केला. पृथ्वीच्या कक्षेत व आसाच्या कलात हजारो वर्षांच्या चक्रांनी होणारे बदल हिमयुगांना कारणीभूत असावेत, हे बेलग्रेडचे मिलुतिन मिलांकोविच यांचे संशोधन त्यात समाविष्ट होते. समुद्रतळातील गाळाच्या अभ्यासाने १९७६ साली या मताला भक्कम पुष्टी मिळाली. पृथ्वीचे हवामान बदलते कसे व त्याचा वेग काय, हा आजचा कळीचा प्रश्न अशा रीतीने वेगेनर यांच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी होता.

अखेरची मोहीम

१९२९ साली पाहणी करून १९३० मध्ये वेगेनर यांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली मोठी मोहीम काढली. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एक, पूर्व किनाऱ्यावर एक आणि हिमस्तराच्या मध्यभागी एक अशी तीन केंद्रे स्थापून वर्षभर एकाच वेळी नोंदी घ्यायच्या, तसेच स्फोटांच्या लहरींच्या साहाय्याने बर्फाची जाडी मोजायची, असा संकल्प होता. मधल्या केंद्राचे नाव आइसमिटे, अर्थात बर्फाचा मध्य. ते पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत आणि समुद्रसपाटीपासून जवळजवळ ३,००० मीटर उंचीवर होते.

आरंभापासूनच अडचणी आल्या. खाडीतील बर्फ फुटेना म्हणून पाच आठवड्यांहून अधिक काळ वाया गेला. सुमारे १०० टन सामान हिमनदीवरून वर चढवण्यात उन्हाळा सरला. ज्यांच्यावर मोठी भिस्त होती त्या पंख्याच्या जोरावर चालणाऱ्या मोटार-स्लेज गाड्या ऐनवेळी निकामी ठरल्या. योहानेस गेओर्गी जुलैअखेरीस आइसमिटे येथे पोहोचले होते. सप्टेंबरमध्ये एर्न्स्ट सोर्गे त्यांना जाऊन मिळाले. राहण्यासाठी ठरलेली लाकडी खोली व बिनतारी संदेशयंत्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही. पुरेसे इंधन व अन्न २० ऑक्टोबरपर्यंत न आल्यास आपण पायी परत निघू, असा निरोप त्या दोघांनी पाठवला. हिवाळ्याच्या तोंडावर चारशे किलोमीटर पायी चालणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण, हे वेगेनर जाणून होते.

मोहिमेचा प्रमुख या नात्याने त्यांनी ही जबाबदारी दुसऱ्या कोणावर टाकली नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात फ्रिट्स लोवे हे हवामानतज्ज्ञ व ग्रीनलंडचे १३ रहिवासी यांना घेऊन, कुत्र्यांच्या स्लेज गाड्यांवर सामान लादून ते निघाले. वाटेवरील खुणांचे झेंडे बर्फात गडप झाले होते. पारा उणे ५० अंशांच्याही खाली उतरला. थंडीपुढे नाइलाज होऊन त्या १३ जणांपैकी १२ जण टप्प्याटप्प्याने परतले. रास्मुस विलुम्सेन हा २३ वर्षांचा तरुण तेवढा बरोबर राहिला. ओझे कमी करीत करीत, जवळपास सर्व सामान वाटेत टाकून हे तिघे ऑक्टोबरच्या अखेरीस आइसमिटे येथे पोहोचले. लोवे यांच्या पायांना हिमदंश झाला होता. गेओर्गी यांना भूल न देताच खिशातल्या चाकूने त्यांची बोटे कापावी लागली.

तेथे आल्यावर वेगेनर यांना निराळेच चित्र दिसले. गेओर्गी व सोर्गे यांनी बर्फात गुहा खोदली होती आणि आहे त्या शिधासामग्रीत हिवाळा काढण्याचा निश्चय करून ते तेथेच थांबले होते. म्हणजे ज्या संकटातून त्यांना सोडवण्यासाठी एवढा खटाटोप झाला, त्यातून त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला होता. हे कळवण्याचे साधन मात्र कोणापाशीच नव्हते. वेगेनर यांचा हा प्रवास व्यर्थ होता काय, असा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला. मधल्या केंद्रावरील परिस्थिती नंतर सर्वांना समजली. निघण्याचा निर्णय घेताना वेगेनर यांच्या हाती केवळ तो निरोप होता. दोन माणसांचे प्राण धोक्यात आहेत एवढेच त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी त्यानुसार कृती केली.

गुहेतील अन्न पाच जणांना पुरणारे नव्हते. लोवे चालू शकत नव्हते. तेव्हा त्या तिघांना तेथे ठेवून १ नोव्हेंबर १९३० रोजी वेगेनर आणि विलुम्सेन यांनी पश्चिमेकडे प्रस्थान ठेवले. त्या दिवशी वेगेनर यांना ५० वर्षे पूर्ण झाली होती.

ते दोघे पश्चिम केंद्रावर कधीच पोहोचले नाहीत. किनाऱ्यावरील मंडळींना वाटत होते की वेगेनर आइसमिटे येथेच हिवाळा काढत असावेत. आइसमिटे येथील तिघे समजत होते की ते केव्हाच सुखरूप पोहोचले असतील. संपूर्ण हिवाळा असा गेला. मे १९३१ मध्ये पश्चिमेकडून मदतपथक आइसमिटे येथे गेले, तेव्हा कुठे सत्य उघडकीस आले. १२ मे रोजी, साधारण निम्म्या वाटेवर, बर्फात रोवलेल्या स्कींच्या खुणेवरून वेगेनर यांचा मृतदेह सापडला. झोपण्याच्या पिशवीच्या खोळींत तो काळजीपूर्वक शिवून ठेवला होता. अतिश्रमाने हृदय थांबून त्यांचा मृत्यू झाला असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला.

एकाकी पडलेल्या त्या तरुण विलुम्सेनने आपल्या प्रमुखाचे दफन केले, खूण उभी केली, त्यांची रोजनिशी सोबत घेतली आणि तो पुढे निघाला. त्याच्या मुक्कामाच्या काही खुणा मिळाल्या, पण तो स्वतः सापडला नाही व रोजनिशीही सापडली नाही. वेगेनर यांचा देह जेथे आहे तेथेच राहू द्यावा, अशी इच्छा त्यांच्या पत्नीने व्यक्त केली. साथीदारांनी त्या जागी बर्फाची समाधी बांधली व पुढे तेथे लोखंडी क्रूस उभारला गेला. आता ते सारे कित्येक मीटर हिमाखाली गाडले गेले आहे.

मागे राहिलेले कार्य

कुर्ट वेगेनर यांनी मोहिमेची धुरा स्वीकारून ती पूर्णत्वास नेली. बर्फाच्या गुहेतील तिघांनी हिवाळाभर दररोजच्या हवामाननोंदी चुकू दिल्या नाहीत. पारा उणे ६० अंशांखाली गेला त्या दिवसांतही नाहीत. सोर्गे यांनी १५ मीटर खोल खड्डा खणून हिमाचे थर आणि त्यांची घनता मोजली. बर्फ दबत दबत कसा घट्ट होत जातो, याविषयीचा त्यांचा नियम आजही हिमशास्त्रात वापरला जातो. स्फोटलहरींच्या मोजमापातून हिमस्तराची जाडी एक किलोमीटरहून किती तरी अधिक असल्याचे स्पष्ट झाले. ग्रीनलंडच्या मध्यावरील संपूर्ण वर्षाच्या हवामानाची ती पहिली नोंद होती.

लोवे हे ज्यू वंशाचे असल्यामुळे हिटलरच्या राजवटीत त्यांना देश सोडावा लागला. पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठात त्यांनी हवामानशास्त्राचा विभाग उभा केला.

१९८० साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथे वेगेनर यांच्या नावाने ध्रुवीय संशोधन संस्था स्थापन झाली. स्वालबार्ड बेटांवरील न्यू-ओलेसुंड या वस्तीत या संस्थेचे फ्रान्ससोबतचे संयुक्त केंद्र आहे. आणि त्याच वस्तीत २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे. त्याची व्यवस्था गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र पाहते. वेगेनर यांच्या नावाच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२३ साली मध्य-उत्तर ग्रीनलंडमधील बर्फाच्या गाभ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार २००१ ते २०११ हा काळ तेथे गेल्या हजार वर्षांतील सर्वाधिक उष्ण ठरला असून विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा तापमान दीड अंशाने अधिक होते. १४ ऑगस्ट २०२१ रोजी हिमस्तराच्या माथ्यावरील केंद्रावर पाऊस पडल्याची पहिलीच नोंद झाली. २००२ पासूनच्या उपग्रहांच्या मोजणीनुसार ग्रीनलंड दर वर्षी सरासरी २५० अब्ज टनांहून अधिक बर्फ गमावत आहे.

मिलांकोविच यांनी दाखवलेली चक्रे हजारो वर्षांची आहेत. सध्याची वाढ शंभर-दीडशे वर्षांतील आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून असे दिसते की उद्योगयुगापूर्वीच्या आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३०० च्या पुढे गेले नव्हते. आज ते ४२० च्या वर आहे. ही वाढ मनुष्याने जाळलेल्या कोळसा व तेलामुळे झाली आहे. ग्रीनलंडचे सर्व बर्फ वितळण्यास शतकानुशतके लागतील, परंतु तसे झाल्यास समुद्राची पातळी ७ मीटरहून अधिक वाढेल. अर्नाळ्यापासून मालवणपर्यंतच्या कोळीवाड्यांत, जेथे भरतीचे पाणी ओळखीच्या रेषेवर थांबते की नाही याकडे घराघरांतून लक्ष असते, तेथे या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

वेगेनर यांचे नाव पाठ्यपुस्तकांत आहे, संस्थेला आहे, चंद्रावरील एका विवरालाही आहे. रास्मुस विलुम्सेन याचे नाव फारसे कोणी घेत नाही. परत फिरण्याची संधी असताना तो थांबला, आणि अखेरचे कर्तव्य पार पाडून एकटाच पुढे निघाला. आज बर्फाविषयी आपल्याला जे काही निश्चितपणे ठाऊक आहे, ते अशा माणसांनी उणे पन्नास अंशांत वाहून नेलेल्या सामानावर आणि न चुकता लिहिलेल्या नोंदींवर उभे आहे. १ नोव्हेंबरला वेगेनर यांची जयंती येते आणि दुसऱ्याच दिवशी आपण मृत भाविकांचे स्मरण करतो. त्या स्मरणात या दोघांनाही एकत्र स्थान मिळावे.